दारातली गर्दी

पडद्यावर नऊ चौकोन होते आणि वर लिहिलं होतं, ‘वाहतुकीचे दिवे असलेली चित्रं निवडा.’ कंपनी आमची, पान आमचं, टेबल माझं, आणि आत घेण्याआधी ते मला विचारत होतं की मी माणूस आहे का. मी तीन चौकोन निवडले. चौथ्यात दिवा नव्हता, दिव्याचा खांब होता, तोही अर्धाच. खांब धरायचा की नाही ते मला ठरवता येईना. दिवा आहे म्हणून खांबाला अर्थ, हे खरं; पण खांब नसता तर दिवा रस्त्यावर पडला असता, हेही खरं. मी खांब सोडून दिला. पानानं काही न बोलता नवे नऊ चौकोन पुढे केले, या वेळी सायकलींचे, आणि त्यातल्या एकीचं फक्त चाक दिसत होतं. मग जिने आले. मग एक वाक्य आलं, की आपल्याबद्दल खात्री पटलेली नाही, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. मागे गाड्या सोडणाऱ्या काकांची खुर्ची करकरली. “वा! कुलूप असं बसवलंय की मालकीणच बाहेर.” ज्यानं ते बसवलं होतं तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. “मॅडम, तुम्ही फार विचार करताय,” तो म्हणाला. “माणसं विचार करत नाहीत. दिसलं की दाबतात.” त्याच्या शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास येत होता. दुसऱ्याच्या इस्त्रीचा राग येऊ शकतो हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

मनातल्या मनात मी त्याला कुलूपवाला म्हणायचे. तो आला वडील गेल्यानंतर, आणि यायचं कारणही तेव्हाचंच. वडिलांची कंपनी गाड्या चालवायची, अजूनही चालवते: मागे उतार असलेल्या, चाकाची खुर्ची तशीच आत ढकलता येईल अशा. ज्यांची मूत्रपिंडं थकलीत, ज्यांचं रक्त दिवसाआड यंत्रातून धुवून घ्यावं लागतं, त्यांना घरून डायलिसिसला न्यायचं आणि परत आणून सोडायचं. आदल्या दुपारी पेशंटनं आमच्या पानावर जाऊन गाडी मागवायची. खुर्ची हवी का, सोबत कोण, कुठल्या केंद्रात, एवढंच सांगायचं. पूर्वी हे सगळं फोनवर चालायचं आणि फोन सतत गुंतलेले असायचे, म्हणून वडिलांनी पान करून घेतलं, आणि ते करताना एक अट घातली. आजारी माणसाला परवलीचा शब्द विचारायचा नाही. पान उघडायचं, गाडी मागवायची, झालं. साखरेनं ज्यांची मूत्रपिंडं जातात त्यांचे डोळेही बहुधा त्याच वाटेनं जातात. त्यांच्याकडून चौकोन कसले निवडून घेता? वडील गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते पान उघडेनासं झालं. पडदा पांढरा, आणि मधोमध फिरणारं वर्तुळ. फोन लागलीच गुंतले. बाहेरचे लोक पान उघडण्याची वाट बघत बसले आणि आतले आम्हीही पान उघडण्याचीच वाट बघत बसलो, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी निम्म्या गाड्या दारात उभ्या होत्या आणि निम्मे पेशंट घरात. कुणी दगावलं नाही. तसं म्हणताना काका टेबलाच्या लाकडाकडे बघायचे, माझ्याकडे नाही.

“म्हणजे चोरी झाली का?” पहिल्या भेटीत मी कुलूपवाल्याला विचारलं होतं. खालच्या टायरच्या दुकानातला रबराचा वास जमिनीतून वर येत होता आणि तो नाकाला रुमाल न लावण्याचा सभ्यपणा निगुतीनं पाळत होता. “नाही. चोराला आत यायचं असतं. यांना आत यायचंच नसतं. हे दारात उभे राहतात. लाखांनी. प्रत्येक जण म्हणतो, पान दाखवा. एकेकटा घेतलात तर बोलायला जागा नाही, इतका रीतसर. फक्त त्यांच्या गर्दीत ज्याला खरंच गाडी हवीये तो दारापर्यंत पोचत नाही.” “कोण आहेत हे?” “कुणी नाही. कुणाच्या घरातला टीव्ही, कुणाच्या दुकानातला कॅमेरा. त्यात कुणीतरी काहीतरी घुसवून ठेवलेलं असतं. मालक शेजारी बसून जेवतोय, त्याला पत्ता नाही.” “आणि ज्यानं घुसवलं तो?” “सापडत नाही, मॅडम.” “पण का? आम्ही कुणाचं काय घोडं मारलं?” “कधी खंडणी, कधी धंद्यातली चढाओढ. कधी नुसती गंमत. असे हल्ले भाड्यानंही मिळतात. तुमच्याकडे कुणी काही मागितलं?” कुणी काही मागितलं नव्हतं. मी त्याच्याकडे एक नाव मागत होते आणि तो मला पद्धत सांगत होता. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला आपल्यापुढे उभं करायचं, म्हणजे पूर आधी त्यांच्या अंगावर जाईल. एकानं किती वेळा दार ठोठावायचं याला मर्यादा घालायची. आणि संशय आला तर चौकोन दाखवायचे. “पुन्हा येतील?” “एकदा आलेत म्हणजे वाट माहीत झाली.” त्या संध्याकाळी घरी जाताना समोरच्या इमारतीतल्या खिडक्यांमधून टीव्हीचा निळा उजेड भिंतींवर हलताना दिसत होता आणि मी रस्त्यात उभी राहून एकेका खिडकीचा, ओळीनं, द्वेष केला. पुस्तकांतली शोक करणारी माणसं खिडकीच्या आत उभी असतात. तिथून फार तर झाडं दिसतात.

घरी आणखी गर्दी असायची. आई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली आणि समोर माणसं. माणसं आली की आधी आवाज खाली करायची, मग चप्पल काढायची, मग चेहरा पाडायची. आई प्रत्येकासाठी नव्यानं रडायची. मला ते बघवत नसे. दुःखाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण येईल त्याला ते उघडून दाखवायचं, झाकायचं, पुन्हा उघडायचं, या तिच्या तयारीची मला चीड यायची. “असा माणूस होणे नाही,” ती माणसं म्हणायची. “देवमाणूस.” “कधी कुणाला दुखावलं नाही.” “शब्दाचा पक्का.” माझ्या फोनवरही तेच यायचं, तीच वाक्यं, तेच जोडलेले हात, एकानं दुसऱ्याचं उचलून पुढे ढकललेलं, एकीनं तर चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव तसंच राहू दिलं होतं, मग पाच मिनिटांनी दुरुस्त करून तेच पुन्हा पाठवलं. मी फोन बंद करून कपाटात ठेवला. मग एक दिवस दाराच्या बेलमधले सेल काढले. आईला संध्याकाळी कळलं. “बेल का वाजत नाहीये?” “बिघडली असेल.” “बिघडली की बिघडवलीस? लोक आपलेपणानं येतात गं. तुला काय वाटतं, मला हौस आहे?” “हो,” मी म्हणाले. आई उठली, टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले, स्टुलावर चढली आणि ते बेलला बसवले, आणि स्टुलावर उभी राहूनच एकदा बेल वाजवून बघितली. आम्हा दोघींशिवाय घरात कुणी नव्हतं, तरी मी दाराकडे बघितलं.

ज्याबद्दल मी कुणाशी बोलत नव्हते ते हे. मला वडील आठवेनासे झाले होते. म्हणजे सगळं माहीत होतं. उंची, चष्मा, बसायची जागा, शेवटचे दिवस. पण त्यांची आठवण काढायला जावं तर आधी ती वाक्यं समोर यायची. देवमाणूस. शब्दाचा पक्का. डोळे मिटले की एक सोज्वळ गृहस्थ दिसायचा, तसबिरीला साजेसा, आणि त्याच्याशी माझी कसलीच ओळख नव्हती. या गृहस्थाशी मी भांडले असेन हे शक्य वाटेना, आणि भांडले तर होते, कित्येक वर्षं, मन लावून. कशावरून? एक प्रसंग धरू गेलं की हातात दुसऱ्याचं सांगितलेलं काहीतरी यायचं: अमुकाच्या आईला भर उन्हात स्वतः खुर्चीतून उचलून नेलं, तमुकाच्या मुलाला नोकरी लावली. मी तिथे नव्हते. माझे वडील कुठेतरी मागे राहिले होते, त्या माणसांच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी, आणि त्यांचा स्वभाव असा की पुढच्याला कोपरानं बाजूला करून ते आले नसते. की आले असते? हेही आता मला सांगता येत नव्हतं. काका दिवसातून चारदा म्हणायचे, “तुझे वडील असते तर.” ते वाक्य ते पुरं करत नसत. गाड्या सोडणारे काका, पहिल्या गाडीपासून वडिलांबरोबर. समोर फळा, फळ्यावर खडूनं कुठली गाडी कुठल्या दारी. “तुझे वडील असते तर हे चौकोन-बिकोन.” “वडील असते तर पान पडलंच नसतं का, काका?” “पडलं असतं,” ते म्हणाले. “पण मला असं वाटलं नसतं.” “कसं?” “जाऊ दे.” मला त्यांचाही राग यायचा. त्यांच्या डोळ्यांत सतत पाणी असायचं, कुठलंही कारण नसताना, आणि फळा पुसताना ते त्याच फडक्यानं डोळेही पुसायचे, मग भुवईला खडू लागायचा.

रविवारी रंगीत तालीम ठरली. रविवारी पेशंट कमी, म्हणून. आपणच आपल्यावर हल्ला करायचा आणि कुलूप टिकतं का बघायचं. कुलूपवाल्यानं त्यासाठी परवानग्या काढल्या होत्या, बाहेरच्या कंपनीला कळवलं होतं, आणि माझ्यापुढे एक बटण आणून ठेवल्यासारखं करून म्हणाला, “सुरुवात तुम्ही करा, मॅडम.” पडद्यावर दोन आकडे होते, आत घेतलेले आणि परतवलेले. मी सुरुवात केली. परतवलेल्यांचा आकडा आधी थरथरला, मग चढत गेला, मग डोळ्यांनी वाचता येणार नाही इतक्या वेगानं चढायला लागला, आणि खालची हिरवी रेषा जागची हलली नाही. पान उघडत होतं. कुलूपवाला सारखी मान डोलवत होता, गवयाला दाद द्यावी तशी. आणि मला, वडील गेल्यापासून पहिल्यांदा, बरं वाटलं. तो आकडा चढताना बघून बरं वाटलं. परत जा. तूही परत जा. कुणाचाही चेहरा न बघता, कारण न विचारता, इतक्यांना परत पाठवता येतं आणि त्यात आवाजही होत नाही. मी त्याला म्हणाले, आणखी घट्ट करता येतं का? तो म्हणाला, येतं. “मग करा.” “जरा जास्तच होईल.” “करा.” काकांनी खाली जाऊन सगळ्यांसाठी कॉफी आणली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तालीम संपली तरी घट्ट केलेलं सैल करायला मी सांगितलं नाही. तेही रविवारच्या रविवारी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी काका फळ्यापाशी पाठमोरे उभे होते. “त्या टंकलेखिका बाई रुग्णालयात आहेत,” ते फळ्यालाच म्हणाले. “छातीत पाणी भरलं. सोमवारचं डायलिसिस चुकलं.” मी विचारलं, का चुकलं? “गाडी गेली नाही.” “का?” “त्यांनी मागवली नाही, असं पान म्हणतंय. त्यांची शेजारीण म्हणते, रविवारी दुपारभर मागवत होत्या.” या बाई मी पाहिलेल्या नव्हत्या, पण त्या सगळ्या कार्यालयाला आवाजानं माहीत होत्या. उभं आयुष्य न्यायालयात टंकलेखन केलेलं, साक्षीदार बोलायचा थांबायच्या आत त्याचा शब्द कागदावर. आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. संगणक पान मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्या नुसत्या कळांवरून चालायच्या. कुलूपवाल्यानं रविवारच्या नोंदी काढल्या. त्या दोनदा वरखाली करून बघितल्या, मग त्याला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाला, “हे यंत्रच वाटणार हो कुणालाही. दोन कळांमधलं अंतर बघा. प्रत्येक वेळी तेवढंच. माणसाचं इतकं सारखं नसतं.” “त्यांचं आहे,” काका म्हणाले. “पण चौकोन दिसत नसतील तर आवाजाचा पर्याय दिलाय आपण. आकडे ऐकायचे आणि लिहायचे.” “मग?” “त्यांनी तो घेतला.” “मग?” “ध्वनिफीत संपायच्या आत उत्तर लिहून मोकळ्या झाल्या. प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी बरोबर. इतकं बरोबर आणि इतक्या लवकर आल्यावर ते...” खालच्या दुकानात कुणीतरी टायर जमिनीवर आपटला. मला हसू आलं, म्हणजे तोंडाचा आकार तसा झाला. काका वळून माझ्याकडे बघत होते म्हणून मला ते कळलं. पहिल्या हल्ल्यात जे झालं नव्हतं ते आमच्या कुलपानं केलं होतं. शत्रूला नाव नव्हतं म्हणून मी इतके दिवस दातओठ खात होते. आता जे झालं होतं त्याला पत्ता होता, टेबल होतं, माझी खुर्ची होती.

“ओळखीच्यांना सरळ आत घ्या की,” काका म्हणाले, “आपल्याला काय माहीत नाही कोण येतं ते?” तसं होत नाही, कुलूपवाल्यानं समजावलं. फोनवरून पान उघडणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता रोज बदलतो, दारात उभा राहिल्यावर सगळे सारखेच दिसतात. ओळखायचं तर परवलीचा शब्द पाहिजे. “सैल केलं तर पुढच्या हल्ल्यात पान पडेल. घट्ट ठेवलं तर अशा बाई पडतील. कितीवर थांबायचं ते तुम्ही सांगा. यंत्र तेवढं सांगू शकत नाही.” तो हे उद्धटपणे म्हणाला नव्हता, तरी मी उद्धटपणाच ऐकला. “तुम्हाला यासाठीच बोलावलं होतं ना?” मी म्हणाले. “मला कुलूप बसवायला बोलावलं होतं, मॅडम.” मी सैल करायला सांगितलं, मर्यादा आधीच्या जागी आल्या, चौकोन काढून टाकले. बाईंना फोन करायला हवा होता. काकांनी नंबर लिहून टेबलावर ठेवला. तो कागद मी पाण्याच्या ग्लासाखाली सरकवला, आणि बुधवारी त्या कागदावर ग्लासाचं गोल उमटलं. काय बोलायचं असतं? मला सांत्वन घेता येत नव्हतं. माफी मागणं हा त्याचाच उलटा केलेला सदरा.

गुरुवारी, मागवायची वेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला होता, आणि पडदा पांढरा झाला. या वेळी कुणी ओरडलं नाही. कुलूपवाला त्या दिवशी शेवटचं बिल द्यायला आला होता; त्यानं पिशवी खाली ठेवली, बसला, बघितलं, आणि म्हणाला, “तेच आहेत. पूर बाहेरची कंपनी झेलतेय, पण थोडे थोडे आपल्यापर्यंत येतायत, आणि तेवढेही आपल्याला पुष्कळ झाले. चौकोन लावायला परवानगी द्या. दहा मिनिटांत पान उभं राहील.” काका काही म्हणाले नाहीत. ‘तुझे वडील असते तर’ हेही नाही. टेबलांवरचे फोन वाजायला लागले, आधी एक, मग सगळे, आणि ते उचलून काही उपयोग नव्हता कारण एक उचलेपर्यंत बाकीचे गुंतलेले. आकडा पडद्यावर चढत होता, आणि रविवारी जो आकडा बघून मला बरं वाटलं होतं तोच हा होता. मी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर आजच्या गाड्या होत्या. आज जे गेले ते परवा पुन्हा जाणार, काल जे गेले ते उद्या. दिवसाआड. रक्ताला सुट्टी नसते. म्हणजे उद्या कुणाला गाडी हवीय हे विचारायला आम्हाला पान लागत होतं, पण ते आम्हाला माहीत होतं. कालच्या गाड्यांची यादी प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात होती. “पान बंद करा,” मी म्हणाले. “चौकोन लावू?” “नाही. बंद करा. पूर्ण. त्याच्या जागी एकच ओळ ठेवा: आम्ही तुम्हाला फोन करतो आहोत, घरीच थांबा. तेवढी ओळ बाहेरची कंपनी दाखवू शकेल ना?” “तेवढी कितीही लाखांना दाखवतील. पण मॅडम, बंद करायचं म्हणजे ते जिंकले.” “त्यांना काय हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे?” “नाही.” “मग जिंकले कसे?” त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. वडिलांनी उघडलेलं पान मी बंद करत होते आणि मला वाटलं होतं तसं हाताला काही झालं नाही.

काकांनी खालून ड्रायव्हर बोलावले, काल ज्यांनी ज्यांना नेलं त्यांची नावं फळ्यावर लिहून घेतली आणि आमच्यात वाटून दिली. टेबलावरचे फोन बाहेरून येणाऱ्यांनी अडवलेले, म्हणून प्रत्येकानं आपापला खिशातला काढला. कुलूपवाल्यालाही काकांनी पाच नावं दिली. “मी?” “तुम्हाला बोलता येतं ना?” पहिल्या तिघांनी फसवणूक समजून त्याचा फोन कापला. “अहो खरंच गाडीच्या कंपनीतून बोलतोय,” तो चौथ्याला सांगत होता, इस्त्रीच्या शर्टाला काखेत घाम, “नाही, ओटीपी नको, काहीच नको, फक्त खुर्ची हवी का ते सांगा.” माझा फोन सकाळीच आईनं कपाटातून काढून माझ्या पिशवीत टाकला होता, काही न बोलता. मी तो सुरू केला आणि तो हातात फडफडायला लागला. थांबून राहिलेली सगळी श्रद्धांजली एकावर एक येऊन पडू लागली, जोडलेले हात, जोडलेले हात, आणि त्यांच्या फटीतून मला एकेक नंबर लावावा लागत होता. पहिले आजोबा म्हणाले, गाडी हवी, खुर्ची नको, आणि पोरी, तुझे वडील म्हणजे देवमाणूस. मी म्हणाले, हो, सकाळी तयार राहा. दुसरीकडे सून बोलली, तिनं सासऱ्यांना दिला, ते रडले. मी म्हणाले, हो. खुर्ची हवी का? तिसरे. चौथे. प्रत्येक गाडीच्या आधी एक वाक्य घ्यावं लागत होतं, जणू भाडं. घेतलं की पुढे खुर्ची, सोबत, केंद्र. नाकारायला वेळ नव्हता. ती वाक्यं अंगावरून जात होती आणि मागे काही राहत नव्हतं, दुखतही नव्हतं आणि पुसलंही जात नव्हतं. मग माझ्या नावांत बाईंचं नाव आलं. काल आपल्याच गाडीनं घरी सोडलंय, काका खडू न थांबवता म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. “तुझ्याच वाट्याला आलंय,” ते म्हणाले.

फोन पहिल्या रिंगला उचलला गेला. “बोला.” मी कंपनीचं नाव सांगितलं. “अच्छा. आज मी माणूस आहे का?” मी म्हणाले, रविवारी जे झालं ते आमच्यामुळे झालं, घट्ट करायला मी सांगितलं होतं, मला... “कोण बोलतंय?” मी सांगितलं. “म्हणजे मुलगी. ते गेले ते कळलं. माझ्याकडून श्रद्धांजली वगैरे काही नाही, आधीच सांगते. फार खोटं बोलायचे. ऐकतेस का?” “ऐकतेय.” “गाडी कधी वेळेवर यायची नाही. फोन केला की म्हणायचे, निघाली. कसली निघाली! मला डोळे नाहीत, कान आहेत. मागनं तो तुमचा म्हातारा ओरडत असायचा, अरे चावी कुठाय, चावी! आणि हे मला सांगतायत, चौकात पोचलीसुद्धा. इतक्या गोड आवाजात. न्यायालयात मी खोटं बोलणारे पुष्कळ ऐकले, पण इतकं मायेनं खोटं बोलणारा एकच.” त्यांना धाप लागली होती, त्या थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा बोलू लागल्या. आणि मला नळाचा आवाज ऐकू आला. त्यांच्याकडचा नव्हे. मोरीतला, आमच्या, नळ सोडलेला आणि वडील बनियनवर, अर्ध्या तोंडाला फेस, फोन फेस नसलेल्या बाजूच्या कानाला लावून सांगतायत, निघालोच, निघालोच समज, आणि मी शाळेच्या फाटकापाशी, उन्हात, चौकीदाराच्या फोनवरून ओरडतेय की बाबा मला नळ ऐकू येतोय, आणि ते नळ बंद करून, तितक्याच गोडीनं म्हणतायत, कुठला नळ? यावरून भांडायचे मी. यावरून. त्या लाघवी, हसऱ्या, निर्लज्ज खोटेपणावरून, ज्यात ते माझ्याकडे यायला नेहमीच निघालेले असायचे. “रडतेस की काय?” बाई म्हणाल्या. “नाही.” “आवाज येतोय. मला कान आहेत म्हटलं ना. हे बघ, मला वेळ नाही, आणि तुलाही नसणार. खुर्ची लागेल. सोबत कुणी नाही. उद्या वेळेवर येणार आहे का गाडी? खरं सांग.” पलीकडे काका ड्रायव्हरांवर ओरडत होते. कुणाची तरी चावी सापडत नव्हती. “निघालीच समजा,” मी म्हणाले. “उद्याची?” बाई म्हणाल्या. मग त्या हसल्या, एकदाच, छातीत अजून पाणी असल्यासारखं. “ठेव आता. पुढच्याला कर.”